नकोशीआजीचा घास

बुधवार, २१ फेब्रुवारी १९९६

आजपासून उपवासाचे चाळीस दिवस लागले. चर्चच्या पाळकीणबाईंनी महिला मंडळातल्या सगळ्या बायांना एकेक वही दिली. म्हणाल्या, देवाजवळ जे मनातलं बोलाल ते इथं लिहून काढा, कुणाला दाखवायचं नाही. मी म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीत संपली, आणि गिरणीवर दळणं घेऊन घेऊन हाताला पेन धरायची सवय राहिली नाही. त्या म्हणाल्या, रंगूबाई, तुम्ही बोलता तसं लिहा. म्हटलं, मी बोलते तसं लिहिलं तर वही पेट घेईल. बाया हसल्या. बना तेवढी हसली नाही. वही पदराखाली घेऊन लगेच निघून गेली. हल्ली तिला कायम घाई.

या चाळीस दिवसांत मी चहा सोडला आहे. दुपारपर्यंत डोकं ठणकलं. गिऱ्हाइकांशी भांडणं झाली. आमचे मालक (महिपती, नाव तोंडानं घेत नाही, लिहायला काय होतंय) म्हणाले, "देवासाठी सोडलास का आमचा सूड घ्यायला?"

शनिवार, २४ फेब्रुवारी

बना ज्वारीचं दळण घेऊन आली. म्हणाली, "आक्का, पार मैद्यावानी काढा. दोनदा घाला जात्यात."

म्हटलं, "का गं, दात पडले का तुझे?"

"असू द्या की. लागतंय."

घरात ती आणि तिची पोरगी दिपाली, दोन माणसं. दळण मात्र चौघांचं. मी ते मनात टिपून ठेवलं.

बनाला चर्चच्या मंडळीत मीच आणली. तिचा नवरा गेला तेव्हा ती विहिरीच्या कडंला जाऊन बसायची. मी रोज जाऊन शेजारी बसले. प्रार्थना शिकवली, बापतिस्म्याला बाजूला उभी राहिले. दिपालीला बारामतीचं स्थळ पण मीच आणलं. मुलाकडचे चर्चचे कडक लोक आहेत. लग्न मे महिन्यात. त्याआधी चर्चमध्ये मुला-मुलीची नावं वाचतील, कुणाची हरकत आहे का विचारायला. सणसरच्या मंडळीत सगळे म्हणतात, बना म्हणजे रंगूबाईची शिष्य. मला ते ऐकायला बरं वाटतं. खरं लिहायचं म्हणाल्या, म्हणून लिहिलं.

रविवार, ३ मार्च

आज प्रभुभोजनाचा रविवार. बना उशिरा आली, मागं बसली. भाकर घ्यायला मेजाजवळ गुडघे टेकले तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. कपाळावर पिवळं. नीट पुसलेलं नव्हतं, भांगात पण पिवळं. बिरोबाचा भंडारा. मला काय भंडारा कळत नाही? माझ्या माहेरी शिवंला शीव लावून धनगरवाडा होता.

त्याच कपाळानं तिनं भाकर घेतली, प्याला घेतला.

शेजारीण पण मागं म्हणाली होती, बना सांज-सकाळ बिरोबाच्या माळाकडं जाती. तेव्हा मी तिलाच झापलं होतं.

तिला विचारायचं ओठावर आलं होतं. मग वाटलं, ही खोटं बोलेल, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या बाईचं खोटं मला ऐकावं लागेल. म्हणून नाही विचारलं. रात्री जेवले नाही. उपवास म्हणून नाही, रागानं.

मंगळवार, १२ मार्च

मंडळीचे पंच बापूसाहेब दळायला गहू घेऊन आले तेव्हा बनाच्या भंडाऱ्याचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "बाई, आदी तिला इचारलं का?"

"डोळ्यांनी बघितल्यावर इचारायचं काय?"

"डोळ्यांनी कपाळ दिसतंय. बाकीचं न्हाय दिसत."

या वयात बापूसाहेब मऊ पडलेत. पाळकसाहेब बारामतीहून येतात रविवारी, त्यांनाच सांगणार. मंडळीची शिस्त राहिली नाही तर उद्या कोणीही काहीही लावून येईल.

रविवार, २४ मार्च

आज उपासनेनंतर पंच बसले. पाळकसाहेब मधे, बापूसाहेब शेजारी. बनाला बोलावलं. मी तक्रारदार म्हणून होतेच.

बापूसाहेबांनी विचारलं, "बना, तुझ्या कपाळाला भंडारा व्हता?"

"व्हता."

"कुणी लावला?"

"नकोशीआजीनं. धनगराची म्हातारी हाय. माळाखाली, कालव्याच्या कडंला खोपट हाय तिचं. अंगावरनं वारं गेलंय. ल्योक मेंढरं घेऊन कोकणात उतरला त्यो अजून वर आला न्हाय. भावकीतली माणसं भाकरी ठिवून जात्यात, पर तिला उचलून खाता येत न्हाय."

"मग तू काय करतीस तितं?"

"धुते. भरवते."

"आन भंडारा?"

"ती लावती. तिचा एवढा एकच हात हालतोय."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. ते म्हणाले, सेवा ती सेवाच, आपण हा विषय इथंच संपवू.

तेव्हा मी उठले. म्हटलं, "साहेब, सेवेला कोण नको म्हणतंय? पण उद्या मंडळातली दुसरी बाई कुंकू लावून आली तर मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? बनानं म्हातारीला नको म्हणावं. एवढं साधं आहे."

बना माझ्याकडं बघत म्हणाली, "कसं म्हणू आक्का?"

चष्मा परत लावून पाळकसाहेब म्हणाले, रंगूबाईंचं म्हणणं नियमाला धरून आहे. बनानं शब्द द्यावा, नाहीतर पुनरुत्थानाच्या सणाच्या मेजाला येऊ नये, आणि हा प्रश्न उभा असेपर्यंत दिपालीची नावं वाचता येणार नाहीत. बनाचा चेहरा उतरला. मला पण वाईट वाटलं. म्हणून मीच मार्ग काढला. म्हटलं, "म्हातारीकडं मी जाते. बनानं सणापर्यंत तिकडं पाऊल टाकायचं नाही. पोरीची नावं वाचून होऊ द्या. दया काय एकट्या बनालाच येती?"

सगळ्यांना पटलं. पाळकसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, रंगूबाईंनी वाट दाखवली.

बाहेर आल्यावर बना सांगत होती, "आक्का, पेज पातळ करा. डाव्या गालात घास ठिवा, उजवीकडचा पडतोय. पाठीखालचं फडकं दोनदा बदला. आन आदी तिला भंडारा लावू द्या, मगच ती खाती."

"ते मी बघते."

"न्हाय आक्का, ऐका. फुकाचं खायला तिला..."

"बना, तुला प्रार्थना कुणी शिकवली?"

मग ती घराकडं निघाली.

सोमवार, २५ मार्च

सकाळी गिरणी उघडायच्या आधी गेले. खोपटात शिरताना नाकाला पदर लावला, पण वास आला नाही. म्हातारीचं अंग स्वच्छ, केस विंचरून बुचडा बांधलेला. उशाला एक कापडाची पिशवी.

मी आधी मोठ्यानं प्रार्थना केली. मग तिला सांगितलं की आमच्या प्रभूनं वाऱ्यानं पडलेल्या माणसांना उठवलं. ती दाराकडं बघत होती. म्हटलं, "बना यायची न्हाय. मी रंगू. तिला मीच शिकवलं." मग पेजेचा चमचा पुढं केला. तिनं डावा हात हळूहळू पिशवीत घातला, आणि पिवळी बोटं माझ्या कपाळाकडं आणली. मी मनगट धरलं आणि हात परत गोधडीवर ठेवला. हळूच ठेवला, हे लिहून ठेवते.

तिनं तोंड मिटलं. पुन्हा हात उचलला, मी पुन्हा खाली ठेवला. मग उचलला नाही आणि तोंडही उघडलं नाही. वाटी जवळ ठेवून आले. भूक लागली की खाईल.

मंगळवार, २६ मार्च

वाटीला मुंग्या. मी चिडले. म्हटलं, "आजे, पोटावर कशाला राग काढता? माझी गिरणी बंद ठिवून आलीय मी." काही उपयोग नाही. हातच पुढं. मी खाली ठेवते. ही पण हट्टी आणि मी पण हट्टी.

फडकं बदललं, अंग पुसलं. त्याला नको म्हणत नाही. फक्त खात नाही.

बुधवार, २७ मार्च

लाईट सकाळी गेली ती दुपारी आली, आणि डब्यांची रांग लागली. मालकांना पेज घेऊन पाठवलं. परत आले ते हसत, कपाळ हे एवढं पिवळं.

"खाल्लं का?"

"वाटी चाटूनपुसून. आजून मागत व्हती."

"आन हे काय?"

"म्हातारीनं लावलं. मी म्हटलं, लाव बाई."

"आदी धुवा ते."

"धुतो की. पाण्यानं जातंय. तू बघतीस अशी जसं काय मला शिंगं फुटली."

"तुमचा बापतिस्मा झालाय."

"झालाय की. त्यो काय चिमूटभर हळदीनं निघून जातोय व्हय? मग लई कच्चा रंग म्हणायचा."

रांगेतली गिऱ्हाइकं तोंडाला पदर लावून हसली. मालक म्हणाले, उद्यापासून मीच जातो, मला काय त्याचं. मी म्हटलं, बिलकुल नाही. पंचांपुढं शब्द मी दिला आहे. माझ्या नवऱ्यानं कपाळ रंगवून तो पाळायचा, आणि मंडळीनं मला हसायचं? मग बनाला बंद तरी कशाला केलं?

ते म्हणाले, "तेच इचारतोय मी."

त्यांना अशा गोष्टीतलं काही कळत नाही.

शुक्रवार, २९ मार्च

आजीचे डोळे आत गेलेत. ऊन पण फार आहे, खोपटाचा पत्रा तापतो. काल आणि आज ओलं फडकं ओठांवर पिळलं, तेवढं पाणी आत गेलं. धुणं, पुसणं, कूस बदलणं, मी कशातच कमी केलं नाही. कोणी येऊन बघावं.

येताना कालव्याच्या पुलावर बना उभी होती. पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं, शब्द पाळत होती. खुरपं हातात, कामावरून तशीच आली असणार. लांबूनच म्हणाली, "आक्का, खाती का वो?"

मी म्हटलं, "खाती."

"आन पाणी?"

"पाणी बी पिती. तू जा घरी."

ती हसली आणि गेली. मी तोंडावर बोलते म्हणून गावात माझी ख्याती. लोक म्हणतात, रंगूबाई लागेल असं बोलती पण खोटं बोलत नाही. आज का बोलले कळत नाही. नाही खात म्हटलं असतं तर ती पूल ओलांडून आली असती. मग पाळकसाहेबांना काय सांगायचं होतं?

रविवार, ३१ मार्च

झावळ्यांचा रविवार. गावातून मिरवणूक काढली. बारामतीचे पाहुणे आले होते, त्यांचं जेवण माझ्याकडं. दिपालीची नावं वाचली. बना पहिल्यांदा पुढच्या बाकावर बसली होती, माझ्याशेजारी. नाव वाचलं तेव्हा तिनं माझा हात धरला.

पाहुण्यांच्या गडबडीत आज आजीकडं जाणं झालं नाही. मालक म्हणाले, मी जाऊन येऊ का. मी म्हटलं, पाहुण्यांना सोडून कुठं निघालात.

उद्या बनाला सगळं सांगणार. तूच जा म्हणणार, आणि पंचांना काय ते मी बघून घेईन. आज नको. आज तिच्या पोरीचं नाव वाचलंय, आज तरी तिला सुखात राहू दे.

सोमवार, १ एप्रिल

सकाळी गेले. आजी गेली होती.

डावा हात पिशवीत होता. बोटं पिवळी. लावायला समोर कपाळ नव्हतं कुणाचं.

मी बाहेर येऊन धनगरवाड्यात सांगितलं. माणसं जमली. बनाला कोणी सांगितलं माहीत नाही, ती पळत आली, पायात चप्पल नव्हती. बायांबरोबर तिनं आजीला अंघोळ घातली. दंड उचलला आणि थांबली. कातडी हाडाला चिकटली होती. तिनं पोटावर हात ठेवला. मग माझ्याकडं बघितलं.

"आक्का, तुमी म्हणला व्हता, खाती."

बाकीच्या बायांना काही कळलं नाही. बनानं आजीचे केस विंचरले, तसाच बुचडा बांधला.

मंगळवार, २ एप्रिल

गिरणी बंद ठेवली. मालकांनी विचारलं नाही का ते. संध्याकाळी चहा करून आणला आणि पुढं ठेवला. उपवासात सोडलेला चहा मी प्यायले. त्यानं काय बिघडणार होतं आता?

मला आठवतंय, बना विहिरीच्या कडंला बसायची तेव्हा पहिल्या दिवशी ती माझ्या हातचं खात नव्हती. घरातनं शेंगा आणून माझ्या ओटीत घातल्या, मगच माझी भाकरी घेतली. मी घेतल्या की शेंगा. खाल्ल्या पण. तेव्हा मला कळत होतं. मग मधेच कुठं कळायचं बंद झालं?

गुरुवार, ४ एप्रिल

आज संध्याकाळी प्रभूच्या शेवटल्या भोजनाची उपासना. बनाला मेजाला यायची मोकळीक दिलेली, ती आली नाही. पाळकसाहेबांनी उपदेशात दया सांगितली, आणि माझं नाव घेतलं. म्हणाले, आपल्यातल्या एका भगिनीनं परधर्मी म्हातारीची अखेरपर्यंत सेवा केली आणि आपल्या विश्वासाची साक्षही राखली. लोक वळून वळून माझ्याकडं बघत होते. मालक मान खाली घालून बसले होते.

भाकरीचं ताट आलं. मी घेतलं नाही, पुढं सरकवलं. पाळकीणबाईंना वाटलं, चुकून राहिलं, त्यांनी ताट परत आणलं. मी मान हलवली.

नंतर बाहेर पाळकसाहेबांना गाठलं. सगळं सांगितलं. हात खाली ठेवलेला, मालकांच्या हातचं खाल्लेलं, पुलावरचं खोटं, सगळं.

ते म्हणाले, "तुम्ही नियमानं वागलात, रंगूबाई. तिचं वयही झालं होतं."

"नियम तुमी सोडत व्हता साहेब. मी तुमच्या गळ्यात घातला."

ते बराच वेळ गाडीची किल्ली हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आणि मी घालून घेतला."

गाडी सुरू केली नाही, हातानं ढकलत गेटापर्यंत गेले.

रविवार, ७ एप्रिल

पुनरुत्थानाचा सण. पहाटे सगळे पांढऱ्या कपड्यांत, एकमेकांना प्रभू उठला आहे म्हणत होते. साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. मला वाटलं होतं, पुष्कळ बोलेन. दोनच वाक्यं निघाली. "नकोशीआजीची सेवा बनानं केली. मी तिला उपाशी ठेवलं." बापूसाहेब खोकले. पाळकीणबाई रडायला लागल्या. मग कोणीतरी गाणं सुरू केलं आणि सगळे उभे राहिले.

मी गाणं संपायच्या आधी निघाले ती बनाच्या घरी. सणाचा दिवस, आणि ती दारात तुरीच्या शेंगा बडवत बसली होती. म्हटलं, "बना, मी आज सगळ्यांपुढं सांगितलं."

"बरं केलं."

"तू मला शिव्या दे. काय बी म्हण."

तिनं काठी खाली ठेवली. म्हणाली, "तुमच्यावर कशाला रागवू आक्का? तुमी बापतिस्म्याच्या आदी मला शिकवलं व्हतं, कुणाच्या मागं चालायचं. मला पाठ व्हतं ते. तरी पुलावर मी तुमचं ऐकून माघारी फिरले. दोन पावलं पुढं टाकली असती तर म्हातारी दिसली असती. मी प्रभूच्या मागं जायचं सोडून तुमच्या मागं आले. तितं चुकलं माझं."

मला म्हणायचं होतं, तुझं काही चुकलं नाही. पण तिनं खरं तेच सांगितलं होतं. तिच्यापुढं वाट अडवून मीच उभी होते, आणि इतकी वर्षं लोक मला तिची वाट दाखवणारी म्हणत होते, तेव्हा मी खुशीत होते.

ती उठून आत गेली. दार लावलं नाही. मी पायरीवर बसले. ये म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. चर्चकडून माणसं घरी निघाली, माझ्याकडं बघत गेली. ऊन पायरीवर आलं.

थोड्या वेळानं दिपालीनं तांब्याभर पाणी आणून शेजारी ठेवलं. बनानं पाठवलं की पोरीनं आपल्या मनानं आणलं, ते कळलं नाही. विचारलं नाही. प्यायले.